४९ व्या वर्षी नोकरी सोडली, आणि बाबा कट्ट्यावर सांगतात, ‘तो घरून काम करतो’

टूलरूम

मंडळी, मार्चअखेर मी नोकरी सोडली. २६ वर्षं चाकण-भोसरी पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत काढली, शेवटची बरीच वर्षं टूल डिझाइनला. वय ४९. मला कोणी काढलेलं नाही. भांडण झालं नाही. दुसरीकडे जात नाहीये, धंदाही काढत नाहीये. घराचं कर्ज फिटलंय, लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिचे पैसे बाजूला काढलेले आहेत. बायकोने आणि मी सहा वर्षांपूर्वीच हे ठरवलं होतं. एवढं सगळं आधीच लिहून टाकतोय, कारण गेल्या चार महिन्यांत अगदी ह्याच क्रमाने मला हे विचारलं गेलंय.

पहिला प्रश्न ‘का सोडली?’ असा कुणीच विचारत नाही. ‘काय झालं?’ असं विचारतात, अपघाताची बातमी कळल्यावर विचारावं तसं. मग आवाज खाली येतो. ‘तब्येत वगैरे बरी आहे ना?’ माझ्या मेहुणीने बायकोला फोन करून विचारलं, ‘घरात नीट बोलतात ना?’ पुढचा टप्पा कामांचा. सोसायटीच्या सभेत खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं, ‘तुम्हाला आता वेळच वेळ.’ आमच्या विंगमधली पार्सलं माझ्याकडे उतरतात, परवा एका दिवसात नऊ आली. मामेभाऊ ॲडमिट होता तेव्हा रात्रीची पाळी सलग सहा दिवस माझी. ती मी मनापासून केली, पण कुणी विचारलं नाही, गृहीत धरलं. एका जुन्या मित्राने चार लाख मागितले. ‘घरी बसायला पुरतात म्हणजे तुझ्याकडे असतीलच’ हे त्याचं वाक्य अजून टोचतंय.

हे सगळं मी निभावून नेईन. धागा काढलाय तो बाबांसाठी.

परवा दुसऱ्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, ‘अमेरिकेची शिफ्ट का हो? दिवसा मोकळे दिसता.’ मला काही कळेना. मग उलगडलं. सोसायटीच्या कट्ट्यावर बाबा सगळ्यांना सांगत होते की मुलगा घरून काम करतो.

बाबा ७७ वर्षांचे आहेत. लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात त्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. चाळीत दुपारी घरी असलेला पुरुष ही काही नवलाची गोष्ट नव्हती, रात्रपाळीची माणसं दुपारी झोपलेलीच असायची. पण बाबा झोपलेले नसायचे. बनियनवर दारात बसलेले असायचे आणि कुणी जिन्याने वर आलं की पाय आत घ्यायचे. ते पाय आत घेणं मला अजून दिसतं. आई त्या काळात साड्यांना फॉल लावून द्यायची.

आता चिंचवडला माझी कंपनीची बस ७ वाजून १० मिनिटांनी कोपऱ्यावर यायची. अजूनही बाबा सातला गॅलरीचं दार उघडून उभे राहतात. बस येते, थांबते, जाते. मग ते आत येऊन पेपर घेतात. मला एका शब्दाने बोललेले नाहीत.

त्यांना खोटं बोलावं लागतंय ते माझ्यामुळे. ते तसंच चालू द्यावं का? की बसून सगळे आकडे समजावून सांगावेत? तुमच्या घरच्या मोठ्यांना तुम्ही कसं सांगितलंत?

---

अबोली_२

बाबा दारात पाय आत घेतात तिथे थांबले. पुढचं थोड्या वेळाने वाचलं. लिहीत राहा.

---

लाइनमन

मी बीएसएनएलचा. २०१९ च्या शेवटी ५० वर्षांवरच्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, देशभरात सुमारे ७८ हजार लोकांनी घेतली, ३१ जानेवारी २०२० ला एकाच दिवशी सगळे बाहेर. मी ५६ चा होतो. आमच्या एक्स्चेंजमधल्या बहुतेक खुर्च्या त्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या. पेपरात रोज बातमी होती, त्यामुळे ‘काय झालं?’ कुणी विचारलं नाही. ‘किती मिळाले?’ विचारलं. अगदी बारशाला गेलो तरी. ओळख ना पाळख, पाठीमागून येऊन खांद्यावर हात ठेवून ‘किती मिळाले साहेब?’

विमा एजंट, फंडवाले, प्लॉटवाले, सगळे फेब्रुवारीत घरी येऊन गेले. मी पोस्टात गेलो आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तेव्हाच्या मर्यादेइतके १५ लाख टाकले. ५५ ते ६० मधल्या स्वेच्छानिवृत्तांना ती योजना खुली आहे, फक्त पैसे हाती आल्यापासून ठरलेल्या मुदतीत भरावे लागतात. हे सांगायचं कारण, ‘गुंतवून झाले’ एवढं म्हणता आलं की निम्मी गर्दी आपोआप ओसरते.

आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. सगळं जगच घरी बसलं. मला ते कुणाजवळ बोलून दाखवायला लाज वाटायची, इतकी माणसं जात होती, पण घरी असण्याबद्दल ते काही महिने कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. त्या वेळात मी दिवसाला वळण लावून घेतलं. मग लोक बाहेर पडायला लागले तेव्हा मी घरी असण्याला सरावलो होतो आणि त्यांच्या प्रश्नाने हलेनासा झालो होतो.

टूलरूम, तुमच्या बाबांच्या बाबतीत वेळेवरच माझा भरवसा आहे. चार महिने फार कमी आहेत.

---

स्पष्ट_बोलतो

थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. लोक विचारतात त्यात त्यांचं चुकतं कुठे? माझ्या सख्ख्या भावाने ४५ व्या वर्षी असंच सोडलं. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं, एकानेही खोदून विचारलं नाही, कारण विचारणं बरं दिसत नाही. तीन वर्षांनी त्याच्या मुलाच्या कॉलेजची फी मी भरत होतो. वहिनीने रडत फोन केला तेव्हा पहिल्यांदा कळलं की बाजार पडला तेव्हा घाबरून त्याने सगळं काढून घेतलं होतं. मला आजही वाटतं, तेव्हा एकाने तरी त्याला ‘काय झालं? हिशेब दाखव’ असं विचारायला हवं होतं.

तुमची मेहुणी नाक खुपसत नसेल, घाबरली असेल. घरात एकाचं गणित चुकलं की भरणारे शेवटी हेच लोक असतात.

---

टूलरूम

राग कसला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मेहुणीबद्दल माझं चुकलंच, आज फोन करतो.

हिशेब विचारलाच आहात तर: वर्षाच्या घरखर्चाच्या साधारण ३५ पट जमल्यावर राजीनामा दिला. परदेशी लेखांत २५ पटीचा, म्हणजे दरवर्षी चार टक्के काढायचा, नियम असतो. पण तो १९९४ साली अमेरिकेतल्या आकड्यांवरून आणि तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी मांडलेला आहे. मला कदाचित चाळीस काढायची आहेत आणि आपली महागाई वेगळी. पाच वर्षांचा खर्च एफडीत आहे, बाजार पडला तरी तिथल्या पैशांना लगेच हात लावावा लागणार नाही. बायकोला सगळ्या खात्यांची माहिती आहे, वही तिच्याच हातची आहे.

हेच बाबांना सांगायला गेलो तर ते ‘बरं’ म्हणतात आणि उठून जातात.

---

मोडीप्रेमी

मी कोल्हापूरची, वय ६७. सरकारी बँकांची स्वेच्छानिवृत्ती आली होती तेव्हा, २००१ मध्ये, ४३ व्या वर्षी बाहेर पडले. पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वर्षं वय एवढीच अट होती, आणि दर वर्षाच्या नोकरीमागे साठ दिवसांचा पगार. माझ्या शाखेतून आम्ही चौघं बाहेर पडलो, तीन पुरुष आणि मी.

त्या तिघांना काय काय विचारलं गेलं ते मी ऐकलेलं आहे. एकाच्या सासऱ्यांनी तर घरी येऊन समजूत घातली होती. मला एकाही माणसाने काहीही विचारलं नाही. सगळे म्हणाले, ‘बरं केलंस, आता घराकडे लक्ष देता येईल.’ हळदीकुंकवाला, लग्नात, बसस्टॉपवर, जिथे तिथे हेच. सासूबाईंचं दुखणं, धाकट्या जावेचं बाळंतपण, नणंदेच्या मुलांची दहावी, हे सगळं पहिल्या वर्षातच माझ्याकडे चालत आलं. मी नोकरी सोडली ती मोडी शिकण्यासाठी. माहेरी आजोबांच्या पेटीत जमिनीचे आणि देवस्थानाचे कागद होते आणि घरातल्या कुणालाही ते वाचता येत नव्हते. लहानपणापासून मला ते वाचायचे होते. हे सांगण्याची वेळच आली नाही, कारण ‘का?’ असं कुणी विचारलंच नाही.

भैया, तुम्हाला ‘काय झालं?’ ऐकून वाईट वाटतं, ते खरंच आहे. पण तुमच्या नोकरीला वजन होतं म्हणून तर ती गेल्यावर लोक दचकले. माझी गेली तेव्हा कुणाला काही गेल्यासारखंच वाटलं नाही.

शेवटी मी काय केलं ते सांगते. मंगळवार आणि शुक्रवार, ११ ते ४, मी घरी नसायचे. क्लासला, नंतर अभिलेखागारात. डबा घेऊन निघायचे. पहिले काही महिने घरात धुसफुस झाली, मग मंगळवार-शुक्रवारी मला कुणी काम सांगेना. आजोबांच्या पेटीतला पहिला कागद पूर्ण वाचला तो २००३ च्या श्रावणात. एका विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदांत झालेला करार होता. मी तो सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘एवढं येतं तुला?’

---

अबोली_२

मोडीताई, ह्यावर वेगळा धागा काढा. पुरुषांना प्रश्न मिळतात आणि बायकांना कामं मिळतात, हे माझ्या आईच्या बाबतीत डोळ्यांदेखत झालंय.

---

माणदेशी_गुरुजी

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. आमच्याकडे वयोमान ५८. पण वीस वर्षं अर्हताकारी (पेन्शनला धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मी ५१ व्या वर्षी घेतली. आई अंथरुणाला खिळली होती आणि बायको एकटीने करत होती.

शहरात ‘तब्येत बरी ना’ विचारत असतील. गावात पहिली शंका वेगळी येते. ‘गुरुजी, काय चौकशी लागली का?’ सरकारी माणूस वेळेआधी घरी आला म्हणजे निलंबन, नाहीतर पैशाची भानगड. पारावर ही चर्चा आठ दिवस झाली, माझ्या मुलाला दुकानात कुणीतरी विचारलं, तो रडवेला होऊन घरी आला. तीस वर्षं ज्या गावात पोरं शिकवली तिथे हे ऐकावं लागलं, तेव्हा मला फार लागलं होतं.

मग एका सहकाऱ्याने शहाणपणाची गोष्ट सांगितली. म्हणाला, तू निरोप न घेता आलास. ५८ ला सुटतो त्याला हार, शाल-श्रीफळ, गाडीतून मिरवत घरी सोडणं, सगळं मिळतं. लोकांनी ते डोळ्यांनी बघितलं की त्यांच्या लेखी माणूस निवृत्त होतो. तुझं कुणी काही बघितलंच नाही, मग ते तर्क करणारच.

मी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोललो. मंडप नाही, काही नाही, शाळेच्या पटांगणात सतरंजी टाकून ‘सेवापूर्ती’चा कार्यक्रम केला. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी आता नर्स आहे, ती बोलली. आईला खुर्चीत बसवून आणलं होतं, सरपंचांनी शाल मला देण्याआधी तिच्या खांद्यावर घातली. जेवणाला गुळाची लापशी आणि आमटी होती. त्या दिवसानंतर चौकशीचा विषय गावात निघाला नाही. उलट विचारायला लागले, आईंना आता कसं आहे.

तुम्ही कंपनीतून निघालात तेव्हा काही झालं का? की ईमेल टाकून, ओळखपत्र जमा करून आलात?

---

टूलरूम

गुरुजी, अगदी तसंच. लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केलं, टीमने केक कापला, आणि रोजच्याच बसने घरी आलो. बाबांच्या दृष्टीने मी त्या दिवशी फक्त कामावरून परत आलो होतो.

---

उंबरठा

मुलीच्या लग्नाचं बघताय अशांसाठी: बायोडेटात ‘वडील: निवृत्त’ आणि खाली वय ५२, हे वाचून आम्हाला तीन ठिकाणांहून आजारपणाची चौकशी आली. एकांनी सरळ आनुवंशिक काही आहे का विचारलं. आम्ही ‘स्वेच्छानिवृत्त (२०२२), शेती व गुंतवणूक’ असं लिहिल्यापासून हा प्रश्न आलेला नाही. माणूस तोच, पण लोकांना वाचायला काहीतरी लागतं.

---

सॅनहोजेकर

इथे अमेरिकेत सोडलं की पहिला शब्द ‘अभिनंदन’ असतो हे खरं. पण त्याच्या मागोमाग ‘आरोग्य विम्याचं काय?’ येतंच, कारण मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, ६५ ला सुरू होतं आणि तोवरचे हप्ते माणसाला खातात. ४०१-के ह्या निवृत्तीच्या खात्यातले पैसे साडेएकोणसाठच्या आधी काढले तर सहसा दहा टक्के दंड. त्यामुळे इथेही लोक घाबरतातच, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

मी ५२ ला थांबलो. सांगलीला आईला फोनवर सांगितलं तर ती गप्प झाली आणि म्हणाली, ‘मग आता इकडे येतोस का?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. नोकरी आहे म्हणून तिने मला तिकडे राहू दिलं होतं, हे मला त्या क्षणी समजलं. अजून तिला नीट उत्तर दिलेलं नाही. डिसेंबरात जाऊन तीन महिने राहणार आहे.

---

डिलाईल_रोड

टूलरूम, मी तुमच्याच भागातली. माझे वडील त्रासनखात्यात, सूत कातायच्या विभागात होते. अडीच लाख कामगार त्या संपात उतरले आणि तो संप आजतागायत रीतसर मागे घेतलेला नाही. आमच्या बापांच्या पिढीला ‘नोकरी सोडली’ हे दोन शब्द एकत्र ऐकताच येत नाहीत. त्यांच्या कानांना ‘नोकरी गेली’ एवढंच ऐकू येतं. तुम्ही ३५ पट सांगा नाहीतर १०० पट.

संपात बाबांना सगळ्यात जास्त काय लागलं, असं मी एकदा विचारलं होतं. मला वाटलं भूक सांगतील, माझ्या भावाची सुटलेली शाळा सांगतील. ते म्हणाले, ‘दहा तारीख.’ हजारावर कामगार असलेल्या कारखान्यात दहा तारखेच्या आत पगार व्हायचा, कायदाच तसा होता. त्या तारखेला सगळी चाळ उजळायची. वाणी, भिशी, गावची मनीऑर्डर, सगळं दहाला. संपात दहा तारीख यायची आणि तशीच जायची.

म्हणून सांगते, आकडे समजावू नका. तुम्ही खर्चाचे पैसे म्युच्युअल फंडातून काढत असालच. त्याची एसडब्ल्यूपी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप काढायची सोय, लावा, दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत घरखर्चाच्या खात्यात रक्कम पडेल अशी. आणि पासबुक भरून आणायचं काम बाबांना द्या.

---

लाइनमन

डिलाईल रोड ताई, नमस्कार घ्या.

---

फाइल_नंबर_१२

विम्यात काम करतो म्हणून घाईने एवढंच: टूलरूम, बाबा तुमच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये होते का? बरेच जण नोकरी सोडल्यावर हे विसरतात. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या आजारांसाठी थांबून झालेला काळ धरला जातो. नव्याने घेतली तर आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ७७ व्या वर्षी ती तीन वर्षं फार मोठी असतात. हे सोडण्याआधी करायचं असतं.

---

टूलरूम

पाच आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद बायकोने आणि मी एकत्र बसून वाचले.

फाइल नंबर १२, ते फेब्रुवारीतच करून घेतलं होतं. पण तुम्ही लिहिलंत म्हणून कागद पुन्हा काढून तपासले.

एसडब्ल्यूपी लावली. मुद्दाम काही दिवस आधीची तारीख धरली, म्हणजे दहाला पासबुकात दिसेल. दहाला सकाळी बाबांना म्हटलं, गुडघा दुखतोय, जरा पासबुक भरून आणता का. गुडघा दुखत नव्हता, तेवढं खोटं मी बोललो. ते पायीच गेले, मशीनसमोर रांग होती म्हणे, तासाने आले. टेबलाशी बसले, चष्मा लावला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘हे दर महिन्याला?’ मी म्हटलं, ‘दर महिन्याला. दहाच्या आत.’ त्यांनी पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि स्वतःच्या कपाटात, त्यांच्या पेन्शनच्या कागदांशेजारी ठेवलं. संध्याकाळी विचारलं, ‘आणि मेडिक्लेमचं काय केलंस?’ इतक्या महिन्यांत त्यांनी आपणहून मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी सगळे कागद पुढ्यात मांडले. रात्री साडेदहापर्यंत बसलो होतो.

दुसऱ्या महिन्यात मला आठवण करायची वेळ आली नाही, पासबुक घेऊन ते आपणहून गेले.

सकाळी सातला गॅलरीत अजून उभे राहतात. आता मीही चहा घेऊन शेजारी जातो. बस येते तेव्हा कोण कोण चढतं ते मी त्यांना सांगतो. एकदा त्यांनी साचेखात्यातल्या आवाजाबद्दल सांगितलं, शेजारी उभ्या माणसाशीही खुणांनी बोलायचे म्हणे. हे मला माहीत नव्हतं.

गुरुजींचा प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता. तेव्हा काही बोलले नाहीत. काल दुसऱ्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, ‘अहो, सेवापूर्तीचं आमंत्रण मिळालं बरं का. रविवारी येतो.’ घरी येऊन विचारलं तर बाबांनी कट्ट्यावरच्या अकरा जणांना सांगून झालं होतं. बायकोला पोह्यांचं आणि पेढ्यांचं विचारून ठेवलं होतं, मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मेहुणीही येतेय. शाल बाबा स्वतः जाऊन आणणार आहेत, मला दुकानात येऊ नको म्हणालेत.